अर्थिंग हाये ना?

यूपीएस नावाच्या पेटीला दोन तऱ्हांनी बोलता येतं. पहिली तऱ्हा म्हणजे टूं-टूं ओरडणं. हे ओरडणं आमच्या बुलढाणा जिल्ह्यात शेंबड्या पोरालाही कळतं. लाईन गेली, काम सेव्ह करा, दहा मिनिटं आहेत. बॅटरी जुनी असली तर ‘दहा’ म्हणेपर्यंतच आहेत. दुसरी तऱ्हा मुकी. पुष्कळ पेट्यांच्या पाठीवर, वायरींच्या गुंत्यात, ज्वारीच्या दाण्याएवढा एक लाल दिवा असतो आणि त्याच्याखाली बारीक इंग्रजी अक्षरांत ‘साइट वायरिंग फॉल्ट’ असं छापलेलं असतं. पेटी आपण भिंतीला पाठ लावून ठेवतो. त्यामुळे तो दिवा रात्रंदिवस भिंतीलाच सांगत असतो की बाई, बिघाड तुझ्यात आहे.

माणसांना तो दिसतो दिवाळीच्या साफसफाईत, नाहीतर पेटीमागे उंदीर शिरला तर. एकदा एका सेवा केंद्रात, पीक विम्याच्या शेवटच्या तारखेला, उंदराच्या निमित्ताने पेटी फिरवली गेली आणि रांगेतल्या एका काकांनी ती अक्षरं मोठ्याने वाचली. “मंग बरोबरच हाये,” ते म्हणाले, “सकाळपासून साईट बंदच हाये.” पेटी पुन्हा भिंतीला पाठ लावून बसवण्यात आली. उंदीर सापडला नाही.

हा दिवा काय ओरडतो ते सांगायला हवं, कारण पेटीबरोबर आलेलं माहितीपुस्तक आपण ज्या पिशवीत ठेवतो ती पिशवी पुन्हा कधी उघडत नाही. आपल्या तीन पिनांच्या सॉकेटसमोर उभं राहिलं की उजवीकडचं भोक फेजचं, डावीकडचं न्यूट्रलचं आणि वरचं जाड भोक अर्थिंगचं. प्लगची वरची पिन मुद्दाम जाड आणि लांब केलेली असते. जाड अशासाठी की ती चुकून फेजच्या भोकात जाऊ नये. लांब अशासाठी की प्लग लावताना अर्थिंग सगळ्यांत आधी जोडलं जावं आणि काढताना सगळ्यांत शेवटी सुटावं. म्हणजे ज्याने ही पिन आखली त्याला आपल्या जिवाची काळजी होती. आपण त्या भोकाचा उपयोग वेगळा करतो. मोबाईलचा दोन पिनांचा चार्जर आत जाईना, तर वरच्या भोकात पेन, स्क्रू ड्रायव्हर किंवा आगपेटीची काडी खुपसायची, म्हणजे खालच्या भोकांचे पडदे उघडतात. कित्येक घरांत त्या भोकाला आयुष्यभर काडीशिवाय दुसरं काही जोडलं गेलेलं नसतं.

पेटी भिंतीतल्या वायरींच्या तीन खोड्या ओळखते. फेज आणि न्यूट्रलने जागा बदलल्या आहेत, अर्थिंगचा पत्ताच नाही, किंवा न्यूट्रलवर इतका बोजा आहे की न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यात नको तेवढं व्होल्टेज उभं राहिलंय. तिन्हींसाठी दिवा एकच. जर्मनीत प्लग उलटा-सुलटा कसाही बसतो, त्यामुळे पहिल्या खोडीचं तिथे कोणाला फारसं वाटत नाही. आमच्याकडे तिन्ही खोड्या एकाच बोर्डात सापडू शकतात आणि तरीही त्याच बोर्डावर झेरॉक्स मशीन, पंखा आणि देवाचा दिवा सुखाने नांदतात. दुकानदाराचं म्हणणं बरोबरच असतं: बाकी सगळं चालू आहे, तर बिघाड ह्या पेटीतच असणार.

मग कोणीतरी वायरमनला फोन करतं.

वायरमनचं मुख्य हत्यार म्हणजे टेस्टर. त्याच्या पोटात निऑनचा इवलासा दिवा असतो आणि तो आपल्याच अंगातून किंचित करंट नेऊन पेटतो. त्याला व्होल्टेज किती, करंट किती ह्याच्याशी देणंघेणं नाही. थोडीशी चाहूल लागली तरी तो उजळतो. वायरमनदादाने तो उजव्या भोकात घातला. उजेड.

“हे पाहा सर, करंट हाये.”

“करंट आहे ते माहीत आहे दादा. अर्थिंग आहे का?”

टेस्टर वरच्या जाड भोकात गेला. तिथेही मंद तांबडा उजेड. दादांचा चेहरा खुलला.

“हे पाहा, अर्थिंगमंदी बी करंट हाये. लय कडक अर्थिंग हाये तुमचं.”

मल्टिमीटर असता तर वेगळी गोष्ट कळली असती. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या जवळपास (आमच्याकडे ‘जवळपास’ ह्या शब्दाला बरंच काम करावं लागतं; शेतीपंपांची पाळी सुरू असली तर १८० सुद्धा जवळपासच), फेज आणि अर्थिंगमध्येही तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थिंगमध्ये दोन-तीन व्होल्ट, हे निरोगी घराचं लक्षण. न्यूट्रल-अर्थिंगमध्ये २३० दिसले तर वायरी उलट्या. दहा-पंधरा दिसले तर न्यूट्रल दमलाय किंवा कुठेतरी सैल झालाय. आणि दोन्हीकडे निम्मे निम्मे, म्हणजे ११५ च्या आसपास दिसले, तर अर्थिंग नाहीच. हा निम्म्याचा हिशेब मोठा गमतीचा आहे. संगणकाच्या पॉवर सप्लायमध्ये विजेतला कचरा गाळायला दोन बारके कपॅसिटर असतात, एक फेजकडून पत्र्याकडे, दुसरा न्यूट्रलकडून पत्र्याकडे. पत्रा अर्थिंगला जोडलेला नसला की तो दोघांच्या मध्ये लोंबकळतो आणि निम्मं व्होल्टेज अंगावर घेऊन बसतो. करंट अगदी थोडा असतो. माणूस मरत नाही, ‘च्यायला’ म्हणतो.

ह्या झिणझिण्यांवर जिल्ह्यात सर्वमान्य उपाय आहे: चप्पल. देवळात काढायची आणि संगणकापुढे घालायची. ऑपरेटरच्या पायाखाली लाकडी पाट असतो आणि नव्या माणसाला कामाची पहिली शिकवण दिली जाते ती कळफलकाची नसते. “सीपीयूले हात लावू नोको, लावाचा तं उलटा लाव” ही असते. उलट्या हाताचं शास्त्र खरं आहे, बरं का. झटका बसला की बोटं आपोआप मिटतात; तळहात असला तर माणूस पत्रा धरून बसेल, पालथा हात असला तर सुटेल. एवढं बारीक ज्ञान ज्या समाजाकडे आहे, त्याला जमिनीत एक पाईप गाडणं काहून जमत नाही, हे कोडं आहे.

तर पाईप गाडण्याबद्दल. अर्थिंग कसं करावं ह्याचं भारतीय मानक आहे, आयएस ३०४३. १९६६ साली पहिल्यांदा निघालं, २०१८ मध्ये पुन्हा सुधारलं. पाईपचं अर्थिंग म्हणजे ढोबळमानाने अडीच मीटर लांबीचा जस्ताचा मुलामा दिलेला पाईप, त्याच्याभोवती कोळसा आणि मिठाचे थर, आणि वर पाणी ओतायला नरसाळं. अक्षय तृतीयेला जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळला जी घटमांडणी होते ती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल. तिथेही शेतात खड्डा करतात, मातीची ढेकळं ठेवतात, वर पाण्याची घागर, भोवती अठरा धान्यं, आणि त्यावरून पावसापाण्याचं, पिकांचं, राजाच्या गादीचं भाकीत सांगतात. फरक एवढाच की घटमांडणीवाले दुसऱ्या पहाटे येऊन काय हललं, काय नाही ते पाहतात तरी. अर्थिंगचा खड्डा बुजवला की त्याच्याकडे पुन्हा कोणी फिरकत नाही. त्यावर फरशी येते, फरशीवर मोटारसायकल येते, आणि पुढे घरमालकाला विचारलं तर तो हात हवेत फिरवून सांगतो, “हाये ना अर्थिंग, इथंच कुठंतरी हाये.”

त्यात आमचा जिल्हा अर्थिंगच्या बाबतीत एकसारखा नाही. खाली पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा: शेगाव, नांदुरा, जळगाव जामोद, संग्रामपूर ह्या भागातल्या कित्येक गावांत विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. माणसाच्या मूत्रपिंडाला हे पाणी वैरी आहे, पण विजेला मात्र खारट ओली माती म्हणजे माहेर. तिथे खड्ड्यात वेगळं मीठ टाकायची गरज देवाने ठेवलेली नाही. अडचण अशी की हेच मीठ पाईपही खातं. काही वर्षांनी वर नरसाळं शाबूत आणि खाली पाईपच्या जागी तांबडी माती, असा प्रकार होतो. घाट चढून वर बुलढाण्याकडे आलात की मुरूम आणि काळा पाषाण. इथे दोन-तीन हातांवर पहार ठण्णकन वाजते आणि वायरमनची निष्ठा तिथेच संपते. उरलेला पाईप कापून दुसऱ्या गिऱ्हाइकाला लावता येतो, हेही एक कारण असेल. मधल्या काळ्या कसदार जमिनीचं तिसरंच. पावसाळ्यात ती पाईपला घट्ट मिठी मारते आणि वैशाखात तिला अशा भेगा पडतात की पाईप आणि माती एकमेकांना ओळख दाखवत नाहीत.

सर्वांत तयार अर्थिंग जिल्ह्यात एकच आहे, लोणारचं. उल्का आदळून बेसाल्टात झालेला सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा, तळाला खारं पाणी. कोळसा तेवढा राहिला. पण ते अभयारण्य आहे, २०२० पासून रामसर स्थळही आहे, आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते पाणी गुलाबी झालं तेव्हा शास्त्रज्ञांनी मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचं कारण दिलं. आमच्या ओळखीच्या एका वायरमनचं मत वेगळं होतं. त्याच्या मते खाली कोणीतरी न्यूट्रल सोडला होता.

हा विनोद शहरातल्या वाचकाला कळायचा नाही, म्हणून सांगतो. शेतावर बऱ्याच ठिकाणी अर्थिंग म्हणजे फुकटचा न्यूट्रल. कोठ्यात एक बल्ब लावायचा असेल तर एक वायर आकड्यावरून आणि दुसरी जमिनीत ठोकलेल्या सळईला. बल्ब पेटतो. सळईभोवतीची माती कोरडी झाली की बल्ब मंद होतो; मग सळईवर तांब्याभर पाणी ओतायचं की पुन्हा उजेड. पुस्तकात ‘पृथ्वी विद्युतवाहक आहे’ एवढं एकच वाक्य असतं. आमच्याकडची पोरं ते तांब्याने सिद्ध करतात. बैलाने सळईजवळ पाय ठेवायला नकार दिला तर त्याला अडेल म्हणतात. बैलाला चार पाय, ते लांब लांब, आणि चप्पल नाही. जमिनीतला करंट माणसाआधी त्याला कळतो. त्यालाच शहाणा म्हणायला हवं.

यूपीएसचा लाल दिवाही असाच ऋतुमान पाळतो. उन्हाळ्यात दुपारी बारानंतर सगळ्या इमारतीचे कूलर सुरू झाले की न्यूट्रलवर ताण येतो आणि दिवा लागतो. रात्री दुकानं बंद झाली की विझतो. वैशाखात खड्डा कोरडा पडला की दिवा दिवसभर. मृगाचा पाऊस पडला की आपोआप बंद. त्यामुळे ज्याच्याकडे तक्रार करावी तो पावसाळ्यात येतो, पेटी पाहतो, आणि “कुठं काय आहे?” असं विचारतो. लग्नसराईत लाईन गेली आणि मागच्या मंगल कार्यालयाचं जनरेटर उसनं घेतलं तर तेव्हाही दिवा पेटतो. भिंतीतली एक वायर हललेली नसते. अशा सुट्या जनरेटरचा न्यूट्रल बहुतेक वेळा जमिनीला जोडलेलाच नसतो, त्यामुळे पेटीला अर्थिंग सापडत नाही आणि ती गोंधळते. इन्व्हर्टरच्या पुढे यूपीएस लावला तर तोच घोटाळा.

उन्हाळ्यात खड्ड्यात रोज बादलीभर पाणी ओता, असं जाणकार सांगतात. हा सल्ला नक्की नदीकाठच्या माणसाने दिलेला असणार. ज्या गावात टँकरची पाळी मोजतात तिथे हा सल्ला ऐकून एका दुकानदाराने हात जोडले. “राजेहो, माणसाले प्याले नाई, अर्थिंगले कुठून पाजू?” पण ह्याला उत्तर निघालं आहे, आणि ते मला फार आवडतं. खारपाणपट्ट्यात घरोघरी आरओ आहेत आणि आरओ जेवढं पाणी गाळतो त्याहून जास्त फेकतो. फेकलेलं पाणी आणखी खारट. त्याची नळी मोरीत सोडण्याऐवजी अर्थिंगच्या नरसाळ्यात सोडायची. एका शाळेत हे केलेलं पाहिलं. मुलांना गोड पाणी, जमिनीला खारं, आणि संगणक कक्षातला लाल दिवा बंद. पाईप थोडा लवकर सडेल, पण तोवर यूपीएसही सडलेला असेल.

बाकीच्यांचा मार्ग सोपा असतो, आणि त्याच्याबद्दल मात्र हसता हसता थोडं गंभीर होऊन सांगायला हवं. दिवा विझवायची खात्रीची युक्ती बऱ्याच वायरमनना ठाऊक आहे. बोर्ड उघडायचा, दोन इंचांचा वायरीचा तुकडा घ्यायचा आणि न्यूट्रल अर्थिंगच्या टोकाला जोडून टाकायचा. ह्याला ‘लूप मारणं’ म्हणतात. दोन्हींतलं व्होल्टेज शून्य, पेटी समाधानी, दिवा बंद, गिऱ्हाईक खूश, दादांचे पैसे वसूल. आता संगणकाचा पत्रा न्यूट्रलला बांधला गेला. पुढे एखाद्या अवकाळी वादळात खांबावरची वायर तुटते, अंधारात कोणीतरी घाईघाईने जोडतो आणि फेज-न्यूट्रलची अदलाबदल होते. पंख्याला कळत नाही, बल्बला कळत नाही. पण पत्र्यावर आता पुरते २३० आहेत, आणि झिणझिण्यांच्या भाषेत बोलायची त्यांची पद्धत नाही. अदलाबदल न होता घरापर्यंतचा न्यूट्रल नुसता तुटला, तरी बल्बातून, पंख्यातून फिरून फेज त्याच पत्र्यावर येऊन बसते. म्हणून न्यूट्रल-अर्थिंगमध्ये मल्टिमीटर अगदी कोरडं शून्य दाखवत असेल, तर आनंद मानण्याआधी बोर्ड उघडून पाहावा.

घरात आरसीसीबी, म्हणजे करंट झिरपला की लाईन तोडणारा खटका, असेल तर तो लूपवर नाराज होऊन पडतो. ३० मिलिअँपिअर इकडचे तिकडे झाले की त्याला खपत नाही. मग “हे खटकं सारखं पडते” म्हणून तो काढला जातो. पोर्सेलीनच्या किटकॅटमधला फ्यूज सारखा उडतो म्हणून त्याच्या जागी मोटरीच्या वाइंडिंगची जाड तार आधीच आलेली असते. पेटीचं टूं-टूं फोनवर बोलू देत नाही म्हणून तिचा भोंगा उपटलेला. उरला लाल दिवा, त्याच्यावर काळी टेप. ह्या घरात आता काहीही बिघडत नाही.

ज्याला खरोखर दुरुस्ती करायची असते त्याची वेगळी वरात निघते. पेटीचा इंजिनिअर अकोल्याहून येतो, पेटी दुसऱ्या बोर्डाला लावतो आणि म्हणतो, “यूपीएस ओके आहे, तुमचं वायरिंग बघा.” वायरमन म्हणतो, “वायरिंग कडक हाये, पेटी पाहा.” घरमालक म्हणतो, दुकानात बिघाड म्हणजे भाडेकरूचा. लाईनमन भला माणूस असतो, पण तो मीटरपर्यंत येऊन थांबतो, कारण कायद्याने त्याची हद्द तिथे संपते. २००५ साली एमएसईबीची महावितरण झाली तरी आम्ही त्याला अजून ‘एमएसईबीवाला’च म्हणतो, आणि तो वर डीपीकडे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरकडे, बोट दाखवतो. डीपीवरचा न्यूट्रल सैल झालेला असेल तर मात्र लाल दिव्याची वाट पाहावी लागत नाही. एका आळीत बल्ब दिवाळीसारखे लखलखतात, दुसऱ्या आळीत विझायला येतात, आणि २३० च्या जागी चारशेपर्यंत व्होल्टेज गेलेल्या घरांतले टीव्ही त्या रात्रीच दुरुस्तीवाल्याकडे रवाना होतात. त्या दिवशी पेटी खरोखर कामाला येते. ती बॅटरीवर जाते आणि आपला संगणक वाचवून स्वतः ओरडत बसते.

मेहकरकडच्या एका गृहस्थांनी मात्र हट्टाने सगळं नीट करून घेतलं. खाली त्यांचं दुकान, वर घर. अंगणात नवा खड्डा, पुरा पाईप, कोळसा, मीठ, वर झाकण. प्रत्येक बोर्डापर्यंत हिरवी वायर. लूप शोधून कापला. नवा आरसीसीबी बसवला. तो बसवण्याआधी टेस्ट लॅम्प फेज-न्यूट्रलमध्ये जेवढा उजळला तेवढाच फेज-अर्थिंगमध्ये उजळला. लाल दिवा विझला. पेढे वाटले नाहीत एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला वरच्या घरात गिझर लावला आणि सगळ्या घराची लाईन गेली. खटका वर केला, पुन्हा गेली. गिझर काढून ठेवला तर मिक्सरने पाडली. मिक्सर ठेवला तर पाण्याच्या मोटारीने. इतकी वर्षं ह्या तिघांमधून करंट झिरपत होता आणि त्याला जायला वाट नव्हती. आता वाट मिळाल्यावर आरसीसीबी एकेकाचं नाव घेऊन सांगू लागला. दुपारपर्यंत घरातल्या निम्म्या वस्तू अंगणात, खड्ड्याच्या झाकणाशेजारी, ओळीने मांडल्या गेल्या होत्या.

संध्याकाळी वायरमनला परत बोलावलं गेलं. काकू दारातच उभ्या होत्या.

“दादा, हे काहाडून टाका बरं.”

“काय काहाडू काकू? गिझर?”

“गिझर कायले? पंधरा वर्ष झाले, चांगला चालते थो. हे तुमचं अर्थिंग काहाडा.”